तोरणमाळवर कार्तिकातला पाऊस

"आषाढात दिवसभर भिजा, काही होत नाही. कार्तिकात तासभर भिजलात तर जिवावर बेतेल," असं आमचे गुरुजी नेहमी सांगायचे. मी धुळ्याचा, ते पावरा समाजातले, सातपुड्यातच जन्मलेले. दोघांनी बरीच वर्षं एकाच शाळेत शिकवलं. निवृत्तीनंतर ते तोरणमाळजवळच्या आपल्या पाड्यावर राहायला गेले आणि मी अधूनमधून त्यांच्याकडे जाऊ लागलो. त्यांचं ते बोलणं खरं होताना मी २६ नोव्हेंबर २०२३ ला डोळ्यांनी पाहिलं.

आदल्या दिवशी, शनिवारी, दोंडाईचा-शहादा-म्हसावद करत मोटारसायकलने सातपायरी घाट चढलो. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये वेगळा झाला, तोवर तोरणमाळ आमच्या धुळे जिल्ह्यात होतं. आम्ही अजूनही त्याला आपलंच धरतो. तापीकाठचं सपाट खानदेश आणि हे पठार यांच्या उंचीत साधारण हजार मीटरचा फरक. खाली पंखा लागतो तेव्हा वर गोधडी लागते.

त्या रात्री मात्र गोधडी नकोशी झाली. दुसऱ्या दिवशी त्रिपुरी पौर्णिमा, त्यामुळे चंद्र जवळजवळ भरलेला, आणि त्याभोवती भलं मोठं खळं. फार उंचावरच्या पातळ ढगात बर्फाचे बारीक कण असतात, त्यांतून चांदणं वळून येतं आणि असं कडं दिसतं. गुरुजी अंगणात उभे राहून बराच वेळ बघत होते. पहाटे त्यांनी मला गवताच्या गंजीपाशी नेलं आणि गवतावरून हात फिरवायला लावला. दहिवर नव्हतं. कार्तिकात तोरणमाळला सकाळी गवत ओलंचिंब असतं, चपला भिजतात. रात्री आकाश मोकळं असेल तर जमीन आपली ऊब वर सोडून देते आणि दव पडतं. ढगांचं पांघरूण असलं की ती ऊब अडते. "आज येणार," एवढंच म्हणून ते शेळ्यांकडे वळले.

हवामान खात्याने उत्तर महाराष्ट्रासाठी गारपिटीचा इशारा दिलेला होताच. हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून पश्चिमी झंझावात येतात. त्यांचा मुख्य मारा हिमालयावर. काश्मीर-हिमाचलातला बर्फ त्यांचाच. पण कधी कधी वरच्या थंड हवेची ही लाट दक्षिणेकडे गुजरात-खानदेशापर्यंत झुकते आणि त्याच वेळी अरबी समुद्रावरून दमट हवा आत घुसते. वर थंड, खाली उबदार आणि ओलं. तापीचं खोरं पश्चिमेला समुद्राकडे उघडं आहे, उत्तरेला सातपुड्याची भिंत उभी आहे. त्या भिंतीवर चढताना दमट हवेचा ढग होतो. हे सगळं मी मुलांना फळ्यावर आकृती काढून शिकवलं होतं. त्या दिवशी दुपारी खडकी पॉइंटवरून ते घडताना बघितलं: दरीतून पांढुरका ढग वर येत होता, त्याच्या वरच्या बाजूला काळं-निळं आभाळ, आणि झाडाचं एक पानही हलत नव्हतं.

मग वारा एकदम फिरला. अंगावर थंडगार झोत आला. पडणाऱ्या पावसाने गार झालेली जड हवा ढगाखालून जमिनीवर आदळते आणि पावसाच्या पुढे धावत सुटते. आम्ही घर गाठेपर्यंत पहिले टपोरे थेंब आणि त्यांच्या पाठोपाठ गारा. आधी हरभऱ्याएवढ्या, मग बोराएवढ्या. कौलांवर असा आवाज की शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. सागाची पानं चाळणी होऊन खाली पडत होती. खाली येताना वितळायला गारांना जितकं अंतर मिळतं तितकं पठारावर मिळत नाही, म्हणून मैदानात जिथे नुसता पाऊस होतो तिथेही वर गारा पडू शकतात. बघता बघता अंगण पांढरं झालं आणि तोंडातून वाफ दिसू लागली.

शेजारच्या घरातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा शेळ्या घेऊन खाली उतारावर गेला होता. तो परतला तेव्हा शेळ्या त्याच्या पुढे होत्या आणि तो मागे, पाय ओढत. त्याच्या आईने काही विचारलं, त्याला उत्तर नीट देता येईना, जीभ अडखळत होती. मला वाटलं, कुडकुडत नाहीये, म्हणजे ठीक असेल. गुरुजींना मात्र तीच खूण वाईट वाटली. शरीर कुडकुडून ऊब तयार करतं. गारठलेल्या माणसाचं कुडकुडणं आपोआप थांबलं तर त्याची ताकद संपत आलेली असते. मुलाला सदऱ्याची बटणं काढता येत नव्हती, बोटं वळतच नव्हती. आम्ही सदरा फाडून काढला. कोरड्या लुगड्याने अंग टिपलं, चोळलं नाही. घोंगडी छातीपोटाभोवती गुंडाळली आणि आईने त्याला कुशीत घेतलं. कोणीतरी मोहाची दारू घेऊन आलं, घोटभर दे म्हणालं. गुरुजींनी हात आडवा धरला. दारूने कातडीकडे रक्त धावतं, माणसाला गरम वाटतं आणि आतली ऊब मात्र निघून जाते. मुलगा पुन्हा थरथरू लागला तेव्हा ते पहिल्यांदा खाली बसले. मग गूळ घातलेला कोरा चहा, घोट घोट. बऱ्याच वेळाने तो स्पष्ट बोलला आणि त्याने विचारलं ते शेळ्यांचं. दोन करडं आली नव्हती.

पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं, आणि वर वारा असला तर बर्फ पडायचीही गरज लागत नाही. माणूस ओला असेल तर आठ-दहा अंशांतही गारठून मरू शकतो. १ आणि २ डिसेंबर २०२१ ला पुणे-नगर भागात असाच अवकाळी पाऊस झाला तेव्हा मेंढपाळांच्या शेकडो मेंढ्या उघड्यावर गारठून मेल्या. लोकर भिजली की ती पांघरूण राहत नाही, ओझं होते.

रात्रभर मी गुरुजींचं घर न्याहाळत होतो. पावसाळ्यापूर्वी हे घर पावसासाठी बांधून काढलेलं असतं: वाऱ्याच्या बाजूच्या कुडाला बाहेरून पळसपानांचा आणि ताडपत्रीचा आडोसा, सरपण आत, चारा माळ्यावर. दिवाळी झाली की आडोसा निघतो, कुडाला ऊन लागू देतात, लाकडं अंगणात, ज्वारीची कणसं उघड्यावर. डोंगर जूनमध्ये सज्ज असतो, नोव्हेंबरमध्ये नाही. तोच पाऊस, पण घराची पाठ उघडी असताना आलेला. कुडाची माती विरघळून चुलीपर्यंत येत होती आणि ओलं सरपण नुसतं धुमसत होतं. गुरुजींच्या मिसेसनी गोठ्याच्या दाराची जुनी फळी फोडून चूल चालू ठेवली.

सोमवारी घाटात दरड आणि मोडलेल्या फांद्या होत्या. त्या बाजूला करत उतरलो. खाली तापीचं खोरं धुक्याने भरून गेलेलं. शहाद्याजवळ रेंज आली तसा साक्रीहून धाकट्या भावाचा फोन आला: "दादा, आठे गारा पडन्यात, कांदानं रोप झोपी गयं." गुजरातेत त्या एका दिवसात वीज पडून वीसहून अधिक माणसं गेली होती, तेही त्याच्याकडूनच कळलं. त्याच्या शेतात पंचनाम्याला माणसं आली, आणि यायलाच हवी होती. कापूस, कांदा, केळी, पपई यांचं नुकसान कोणालाही दिसतं.

पण डोंगरावरची गोष्ट कागदावर येणं अवघड आहे. जनावर दगावलं तर मदतीसाठी पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा दाखला लागतो. करडं दुसऱ्या दिवशी ओढ्यात सापडली. त्यांना घेऊन घाट उतरायचा खर्च कोण करणार? भिजलेल्या ज्वारीला कणसातच मोड आले, पण ती घरच्या खाण्याची, बाजारात न गेलेली. इशारासुद्धा जिल्ह्याच्या नावाने निघतो; त्यात शहादा आणि तोरणमाळ एकाच ओळीत बसतात, हजार मीटरचा फरक असला तरी. आश्रमशाळांना, पाड्यांना, मेंढपाळांना कळेल अशी डोंगरापुरती वेगळी सूचना निघायला हवी: लेकरांना आणि जनावरांना दुपारच्या आत घरी आणा, सरपण आत घ्या, कोरडे कपडे बाजूला काढून ठेवा. एवढ्यानेही जीव वाचतील, हे मी पाहिलेलं आहे.

गुरुजी आता वाऱ्याच्या बाजूचा आडोसा दिवाळीत काढत नाहीत, संक्रांतीपर्यंत ठेवतात. त्यांचं बघून पाड्यावरच्या आणखी काही घरांनीही तो ठेवायला सुरुवात केली आहे. मागच्या खेपेला मी धुळ्याहून ताडपत्र्या घेऊन गेलो, त्या पुरल्या नाहीत.