मुरगावला उतरताना

विंचूरकरांना समुद्र लांबचा. लासलगावहून रेल्वेने मुंबई, तिथून क्रूझने गोवा. मुरगाव बंदरात जहाज थांबले की हाती जेमतेम दिवस. आम्हांला अम्मींना फोंड्याची साफा मशीद दाखवायची होती. १५६० सालची, आदिलशाहीतली, शेजारी मिहराबी कोनाड्यांचे तळे. अम्मींचे गुडघे दुखरे, म्हणून गाडीवाला पारखून घेतला. भाड्याच्या परवान्याची पिवळी नंबरप्लेट पाहिली, पार्किंगसह भाडे लिहून घेतले, परतीची वेळ विचारली. एकजण स्वस्तात सहा ठिकाणे दाखवायला तयार होता. दुसऱ्याने दोनच सांगितली, जोहरच्या नमाजला वेळ ठेवला आणि दीड तास आधी बंदरात पोचवण्याची हमी दिली. आम्ही दुसऱ्याला घेतले. बाहेरच्या गाडीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. तेव्हा ठिकाणे मोजण्याआधी परतीची वेळ विचारावी.