दुसऱ्या मातीवरचा इंजिनियर

डॉक्टर परदेशी गेला तरी रोग्याचे हृदय त्याला बहुधा डाव्या बाजूलाच सापडते. संगणकवाल्याला तर मुलूख बदलल्याचे कामात जाणवतही नसावे. सिव्हिल इंजिनियरचे मात्र तसे नाही. त्याची विद्या जमिनीला बांधलेली. पुण्यात शिकलेल्या मुलाला पहिल्यापासून काळ्या मातीचा धाक घातलेला असतो. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरच्या भिंतींना तडे पाडते. तोच मुलगा शिकागोला गेला की त्याला सांगतात, इथे पाया निदान ४२ इंच खाली ने, कारण हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते आणि वरचे बांधकाम उचलून धरते. छपरावर बर्फाचा भार धरायचा, आणि तोही किलो-न्यूटन विसरून पौंडांत आणि किपांत. किप म्हणजे हजार पौंड. जगाला शास्त्र शिकवणारी अमेरिका अजून फुटा-इंचांतच बांधते, याची गंमत वाटते खरी. पण आपण तरी कोयनेचे पाणी १०५ टीएमसी, म्हणजे हजार दशलक्ष घनफुटांच्या हिशेबातच सांगतो ना?

हा विषय आमच्या घरात शिरला तो भाच्यामुळे. त्याला अमेरिकेत एम. एस.साठी प्रवेश मिळाला आहे. विषय, इमारतींची आणि पुलांची संरचना. कर्जासाठी राहता फ्लॅट तारण ठेवावा लागणार. माझी उभी नोकरी धरणांवर आणि कालव्यांवर गेलेली, तेव्हा ताईने मलाच गाठले. "तू या धंद्यातला. जाऊ देऊ का रे याला? आणि गेला तर परत येईल का?" भाच्याचा प्रश्न निराळा. तो म्हणाला, "मामा, परत आलो तर मला तिथे शिकलेले काम इथे कोणी देईल का?"

आईचा आणि मुलाचा प्रश्न एकच आहे असे वरवर वाटते, पण तो तसा नाही. आणि तो नवाही नाही.

१८७२ साली चीनच्या बादशाही सरकारने तीस मुले अमेरिकेला शिकायला पाठवली. त्यांत झान तियान-यू नावाचा अकरा वर्षांचा मुलगा होता. अकरा वर्षांचा! आपल्याकडे त्या वयात आई शाळेच्या दारापर्यंत सोडायला जाते. १८८१ साली त्याने येल विद्यापीठातून सिव्हिल इंजिनियरिंगची पदवी घेतली आणि त्याच वर्षी सरकारने सगळ्या मुलांना परत बोलावले. पोरे फार अमेरिकन होऊ लागली, असे दरबारातल्या जुन्या मंडळींना वाटले. परत आलेल्या या रेल्वेच्या इंजिनियरला सरकारने कुठे धाडावे? आरमाराच्या शाळेत! रेल्वेचे काम हाती यायला त्याला सात वर्षे लागली.

पुढे १९०५ साली पेकिंग ते कालगान हा सुमारे दोनशे किलोमीटरचा लोहमार्ग निघाला. त्यावर इंग्रजांचाही डोळा होता आणि रशियनांचाही. दोघांनाही नको म्हणून चीनने तो आपल्याच पैशाने आणि आपल्याच इंजिनियराकडून बांधायचे ठरवले, आणि झानला मुख्य इंजिनियर नेमले. बादालिंगचा बोगदा १,०९१ मीटरचा. तो त्याने दोन्ही तोंडांकडून आणि डोंगरमाथ्यावरून उभी विहीर पाडून मधूनही खणवला, म्हणजे एकाच वेळी अनेक ठिकाणी माणसे लागली. चढ इतका की मीटरमागे तीन सेंटिमीटरांहून अधिक. तिथे त्याने गाडी एका टोकाला नेऊन उलटी फिरवायची, मागे इंजिन लावायचे आणि दुसऱ्या मार्गाने वर चढवायची, अशी योजना केली. आपल्या बोरघाटात १८६३ साली सुरू झालेल्या मार्गावर खंडाळ्यापाशी गाडी अशीच उलटी फिरत असे. घरातल्या जुन्या माणसांकडून त्या 'रिव्हर्सिंग'ची वर्णने पुष्कळांनी ऐकली असतील. झानचा मार्ग १९०९ साली, मुदतीच्या आधी आणि ठरल्या खर्चाच्या आत, पुरा झाला.

ही गोष्ट सांगितल्यावर ताई खूष झाली. मुलगा परत आला, देशाचे नाव झाले! भाचा मात्र म्हणाला, "मामा, ती आधीची सात वर्षे?"

तेव्हा मला फझलुर रहमान खान यांची हकीकत सांगावी लागली. हे ढाक्याचे. १९५२ साली शिष्यवृत्तीवर इलिनॉय विद्यापीठात गेले आणि तीन वर्षांत दोन एम. एस. आणि एक डॉक्टरेट मिळवून बसले. मग ते खरोखर परत आले. कराचीच्या शहरविकासाच्या कचेरीत त्यांना मोठ्या हुद्द्याची जागा मिळाली. पण कामात इंजिनियरिंग थोडे आणि कारभार फार. कंटाळून १९६० साली ते शिकागोला गेले ते कायमचे. पुढचे जगाला ठाऊक आहे. शंभर मजल्यांचा जॉन हॅनकॉक सेंटर, आणि मग ४४२ मीटर उंचीचा सिअर्स टॉवर, जो पंचवीसएक वर्षे जगातली सर्वांत उंच इमारत म्हणून मिरवला. एवढ्या उंचीवर खरा वैरी वजन नव्हे, वारा. खानांनी इमारतीच्या बाहेरच्या खांबांचीच एक घट्ट नळी केली, पोकळ बांबूसारखी, आणि आतल्या खांबांची गर्दी हटवली. सिअर्समध्ये अशा नऊ नळ्या एकत्र बांधल्या आहेत. १९७१ साली मायदेश पेटला तेव्हा याच माणसाने शिकागोत बसून बांगलादेशासाठी मदत उभी केली. १९८२ साली सौदी अरेबियात असताना ते वारले. दफन शिकागोतच झाले.

कराचीच्या कचेरीला हसण्याचा अधिकार आपल्याला नाही. माझ्याबरोबर एक गृहस्थ होते, परदेशातून मातीच्या धरणांवरचे खास शिक्षण घेऊन आलेले. कचेरीचे नाव घेत नाही. त्यांना मोजमापाच्या वह्या तपासायला बसवले, कारण ज्येष्ठतेच्या यादीत त्यांचा नंबर तिथे होता. तीन वर्षे त्यांनी लाल शाईने बेरजा दुरुस्त केल्या. चौथ्या वर्षी ते गेले. निरोपाला पेढे वाटले गेले, आणि साहेबांनी भाषणात म्हटले की हुशार माणसे टिकत नाहीत!

आता तिथले जिणे. त्याबद्दलही मुलांच्या डोळ्यांत भलते चित्र असते. पदवी हाती पडली की वर्षभर नोकरीची मुभा, शास्त्रविषय म्हणून आणखी दोन वर्षे. त्यानंतर व्हिसाची सोडत, म्हणजे अक्षरशः चिठ्ठ्या. इंजिनियर म्हणून नकाशावर सही करायची तर आधी एक परीक्षा, मग परवानाधारकाच्या हाताखाली साधारण चार वर्षे उमेदवारी, शिवाय दुसरी परीक्षा. आणि परवाना प्रत्येक राज्याचा वेगळा. गगनचुंबी इमारत फार थोड्यांच्या वाट्याला येते. बाकीचे जुने पूल तपासतात, सांडपाण्याचे नळ आखतात, वाहनतळाची गटारे काढतात. पगार संगणकवाल्या मित्रापेक्षा पुष्कळदा कमी. हप्ते मात्र दोघांना सारखे.

हे ऐकून ताईचा चेहरा उतरला. भाच्याने शांतपणे टेबलावरचे जाड पुस्तक पुढे सरकवले: अनिल चोप्रा यांचे, इमारतींच्या कंपनांवरचे. भूकंपाचे गणित करणारा विद्यार्थी त्याच्यावाचून पुढे सरकत नाही. चोप्रा बनारस हिंदू विद्यापीठाचे पदवीधर. पुढे बर्कलीला गेले, १९६६ साली डॉक्टरेट झाले आणि तिथेच प्राध्यापक राहिले. परत आले नाहीत.

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयना हलली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. भांडी फळीवरून पडली आणि वडिलांनी आम्हा सगळ्यांना अंगणात काढले, एवढे आठवते. दख्खनचा हा कातळ भूकंपाला बधत नाही अशी तेव्हा समजूत होती. म्हणून १०३ मीटर उंचीच्या धरणाचा आराखडा गुरुत्वाकर्षणाच्या फक्त ५ टक्के एवढा आडवा धक्का धरून केला होता. धरणातल्याच यंत्राने त्या पहाटे धरणाच्या लांबीला काटकोनात जो धक्का नोंदला, तो जवळजवळ ५० टक्क्यांचा. धरण उभे राहिले, पण जिथे त्याची मागची बाजू एकदम रुंदावते तिथे आडव्या भेगा गेल्या. नंतर मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते बळकट केले गेले. आणि त्या भेगा तिथेच का पडल्या याचा हिशेब चोप्रा यांनी एका सहकाऱ्याबरोबर १९७३ साली बर्कलीहून प्रसिद्ध केला. कोयनेची ती नोंद आज जगभर धरणांचे गणित तपासायला वापरतात. पाच टक्क्यांचा जुना ठोकताळा पुरत नाही, हे आमच्या पिढीच्या धरणवाल्यांना अशा हिशेबांतून कळले.

"मग हा माणूस परत आला म्हणायचे की नाही?" भाचा म्हणाला.

ताईला ते उत्तर पटले नाही. "धरणाला पटत असेल," ती म्हणाली, "मला नाही." आईपुढे गणित कोण मांडणार? शेवटी ठरले ते असे. फ्लॅट सबंध तारण न ठेवता कर्ज शक्य तितके कमी काढायचे, उरलेल्यातला काही भाग मेहुण्यांच्या निवृत्तीच्या पैशांतून आणि थोडा माझ्याकडून. जाण्याआधीचे सहा महिने भाच्याने एखाद्या पुलाच्या कामावर, उन्हात, इथल्या मातीत काढायचे. ही अट माझी होती. सध्या तो नाशिकच्या बाजूला एका नदीवर पाया खणताना उभा असतो आणि रात्री फोनवर सांगतो की नकाशात दाखवलेला खडक अजून लागलेला नाही.