मित्राचे घर आणि आपले मन

नव्या घराला आशीर्वाद देण्याचा मान धर्मगुरूकडे असतो. बेळगावच्या सीमाभागातील आमच्या या लहानशा धर्मग्रामात असा योग वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. पवित्र पाण्याचे पात्र हाती घेऊन आम्ही ओसरीपासून स्वयंपाकघरापर्यंत प्रत्येक खोलीत फिरतो. वेदीपुढे मेणबत्ती लावली जाते, कुटुंबप्रमुखाचा ऊर भरून येतो, आणि मग सरबताचे पेले फिरू लागतात. त्या वेळी धर्मगुरूच्या दृष्टीस आणखीही एक गोष्ट पडते. जमलेली मंडळी फरशीवरून हात फिरवतात, नळ उघडून पाहतात, तोंडाने 'छान झाले हो!' म्हणतात, आणि त्यांतील एखाद्याच्या चेहऱ्यावरून एक पुसटशी छाया सरकून जाते. ही छाया वैऱ्याच्या चेहऱ्यावर दिसावी तर त्यात नवल नव्हते. परंतु वैरी घरभरणीस येतोच कशाला? ती बहुधा यजमानाच्या जिवलग मित्राच्या चेहऱ्यावर दिसते. या छायेविषयीच आज आमच्या वाचक कुटुंबांशी चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

संत थॉमस अक्विनास (१२२५-१२७४) यांनी हेव्याचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. दुसऱ्याचे भले पाहून आपणांस होणारे दुःख, हे त्यांच्या मते हेव्याचे स्वरूप. त्यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट नोंदवली आहे. जो स्थळाने, काळाने अथवा योग्यतेने आपल्यापासून फार दूर आहे त्याचा माणूस हेवा करीत नाही. जो आपल्या बरोबरीचा आहे त्याचाच करतो. हे कितीतरी खरे आहे! अरबस्तानातील शेखाच्या महालामुळे खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याची झोप कधी उडाल्याचे आम्ही ऐकले नाही. परंतु ज्याच्याबरोबर एका बाकावर बसून उजळणी म्हटली, ज्याच्या डब्यातील भाकरी खाल्ली, त्याच्या दारात मोटार उभी राहिली की झोप उडते. कारण तो मित्र म्हणजे आपले माप. तो पुढे गेला की आपण मागे राहिलो असे मन म्हणू लागते. आपले शेत, आपले घर, आपली मुलेबाळे काल होती तशीच जागच्या जागी असली तरीही! एका माउलीने आम्हांला सहज सांगितले होते, "फादर, शेजारणीकडे फ्रीज येईपर्यंत आमच्या घरात काय कमी आहे ते आम्हांला ठाऊकच नव्हते."

धर्मगुरूने या विषयावर बोलावे काय, अशी शंका कोणी घेईल. त्याला बायकामुले नाहीत, घराचा हप्ता नाही, दोन वेळच्या जेवणाची भ्रांत नाही. त्याला हेवा कसला? वाचकहो, पांढरा झगा मनाला झाकतो, बदलत नाही. शाळेतील आमचा एक सोबती आज पुण्यास मोठ्या हुद्द्यावर आहे. गेल्या पावसाळ्यात तो आम्हांस भेटावयास आला. दोन वाड्यांवरील मिस्सा आटोपून, मोटारसायकलवरून चिखलाने माखून आम्ही नुकतेच परतलो होतो. त्याच्या नव्या मोटारीतील कोरड्या, थंड हवेत घटकाभर बसलो आणि मनाला काहीतरी टोचले. ती मोटार आम्हांस नको होती. कोणी फुकट दिली असती तरी तिच्या पेट्रोलचा खर्च धर्मग्रामाला झेपला नसता. तरीही टोचले खरे! ही टोच म्हणजे पाप नव्हे. मोह दारात आला म्हणून तो घरात शिरला असे होत नाही. त्याला बसावयास पाट द्यायचा की नाही, एवढेच आपल्या हाती असते.

आता मुख्य प्रश्न. पैशाने सुख मिळते काय? मिळत नाही, असे वेदीवरून सांगून टाकणे फार सोपे आहे. परंतु ज्या घराचे छप्पर आषाढात गळते, ज्या घरी आजाऱ्याच्या औषधासाठी गाय विकावी लागते, त्या घराला हा उपदेश करण्याचे धाडस आम्हांला होत नाही. पैसा आला की छप्पर शाकारले जाते, औषध येते, मुलीचे शिक्षण चालू राहते. हे सुख खोटे कसे म्हणावे? विद्वानांनीही या प्रश्नाचा शोध घेतला आहे. अमेरिकेतील डॅनियल काहनेमन आणि अँगस डीटन यांनी २०१० साली असे मांडले की, वार्षिक उत्पन्न सुमारे ७५,००० डॉलरच्या पुढे गेल्यावर माणसाचे रोजचे समाधान वाढत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ यांना २०२१ साली निराळेच आढळले. समाधान पुढेही वाढतच राहते असे ते म्हणाले. मग काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांनी बार्बरा मेलर्स यांच्या मध्यस्थीने एकत्र बसून आकडे पुन्हा तपासले. २०२३ साली त्यांनी जाहीर केले की, बहुसंख्य लोकांचे समाधान उत्पन्नाबरोबर वाढतच जाते. मात्र जे मुळात सर्वांत दुःखी, अशा सुमारे शेकडा २० लोकांच्या बाबतीत १,००,००० डॉलरच्या आसपास ही वाढ थांबते. गरिबीचे दुःख पैसा दूर करतो. जिवलगाच्या वियोगासारखी जी दुःखे त्यापलीकडे उरतात, ती पैशाने हटत नाहीत. सरळ मनाच्या कोणाही गृहिणीने हाच निर्णय दिला असता.

हे मुद्दाम सांगण्याचे कारण आहे. आपल्या लोकांत एक समजूत फार प्रिय आहे. 'अहो, श्रीमंत आहेत, पण सुखी कुठे आहेत? रात्री झोपेची गोळी लागते म्हणे!' असे आपण ओसरीवर बसून एकमेकांस सांगतो आणि आपल्या मनाला गार वाटते. वाचकहो, हे गार वाटणेच जरा तपासून पाहा. मित्राला झोप लागत नाही हे ऐकून आपणांस बरे का वाटावे? सहाव्या शतकाच्या अखेरीस पोपपदावर आलेले थोर संत ग्रेगरी यांनी हेव्याच्या पोटी कोणकोणती पापे जन्मास येतात ते सांगितले आहे. द्वेष, चहाडी, निंदा, शेजाऱ्याच्या उत्कर्षाचे दुःख, आणि त्याच्या संकटाचा आनंद. श्रीमंत दुःखीच असतात या समजुतीत हा शेवटचा आनंद वेष पालटून बसलेला असतो. त्या समजुतीने हेवा बरा होत नाही. त्याला फक्त गुंगी येते. मित्र खरोखरच सुखी आहे, त्याचे घर खरोखरच सुंदर आहे, त्याची बायकोमुले आनंदात आहेत, हे मान्य करून आपणांस बरे वाटते काय? खरी परीक्षा ही आहे.

परीक्षा कठीण आहे खरी. १९९८ साली अमेरिकेतील सारा सोल्निक आणि डेव्हिड हेमेनवे या अभ्यासकांनी एक चौकशी प्रसिद्ध केली. त्यांनी लोकांसमोर दोन पर्याय ठेवले. पहिल्यात तुमची वार्षिक कमाई ५०,००० डॉलर आणि इतरांची २५,०००. दुसऱ्यात तुमची १,००,००० आणि इतरांची २,००,०००. वस्तूंच्या किमती दोन्हीकडे सारख्याच. जवळजवळ निम्म्या लोकांनी पहिला पर्याय घेतला! स्वतः निम्म्याने गरीब होणे त्यांनी पत्करले, परंतु शेजारी वरचढ झालेला त्यांना चालेना. सुट्टीच्या दिवसांविषयी असाच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र अशी निवड करणारे पुष्कळच कमी निघाले. यातून आम्हांला एक अर्थ दिसतो. मोटार रस्त्यावर उभी असते, घराचा रंग दुरून दिसतो. म्हणून त्यांचे माप घेतले जाते. मुलाला मांडीवर घेऊन घालवलेली संध्याकाळ कोणाला दिसत नाही; म्हणून तिचा हेवा कोणी करीत नाही, आणि आपल्यापाशी ती आहे याची जाणीव आपणांसही राहत नाही.

पुष्कळ मिळाले म्हणजे हेवा आपोआप शमेल, असे कोणी म्हणेल. त्याने पवित्र शास्त्रातील अहाब राजाची कथा आठवावी. राजवाडा होता, राज्य होते. तरी वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीच्या बागेसाठी हवा म्हणून हा राजा बिछान्यावर पडून राहिला, तोंड फिरवले आणि जेवेना. पुढे त्या मळ्यापायी निरपराध नाबोथाचा प्राण गेला. आमच्या खेड्यात रक्त सांडत नाही. पण मित्राने माडी चढवली म्हणून आपणही चढवणारे आहेत. दरमहा शेकडा २ रुपये व्याजाने ३,००,००० रुपये काढले, तर महिन्याला ६,००० आणि वर्षाला ७२,००० रुपये केवळ व्याजाचे होतात. मुद्दल तसेच उभे. त्या माडीवर झोपणाऱ्याला वारा चांगला लागत असेल, पण झोप कुठून लागणार?

आमच्या ओळखीच्या दोन मित्रांची हकीकत, त्यांच्या संमतीने आणि नावगाव वगळून, येथे सांगतो. एकाच रविवारी दोघांनी प्रथम ख्रिस्तप्रसाद घेतलेला. पुढे एक वेल्डिंगचे काम शिकून कुवेतला गेला. दुसरा दीड एकर भातशेती, काजूची थोडी झाडे आणि दोन म्हशी यांवर संसार करीत राहिला. बारा वर्षांत पहिल्याचे स्लॅबचे घर झाले, दारात मोटार आली. दुसऱ्याने त्याच्या घरी जाणे हळूहळू बंद केले. एके दिवशी तो आपण होऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, "फादर, माझ्या मुलीची कॉलेजची फी त्यानेच भरली. तो माझ्याशी वाईट वागला असता तर बरे झाले असते; मला त्याच्यावर रागावता तरी आले असते."

या बोलण्याने आम्ही अंतर्मुख झालो. त्याला टोचत होती ती मोटार नव्हती, स्लॅबही नव्हता. घेणारा नेहमी आपण आणि देणारा नेहमी तो, हे त्याला सोसत नव्हते. रिकाम्या हाताने तो उंबरा चढणे त्याला जड जात होते. आम्ही त्याला एवढेच सांगितले की, मनातील हेवा जाण्याची वाट पाहू नको. घरच्या नव्या भाताचे पोहे घे आणि जा. कुवेतचा मित्र रजेवर आला तेव्हा त्यालाही सांगितले, "बाबा रे, तू पुष्कळ दिलेस. आता त्याच्याकडे काहीतरी माग." तो समंजस होता. त्याचे वडिलोपार्जित शेत कित्येक वर्षे पडीक होते. 'ते तू लाव, पीक अर्धे अर्धे. आणि माझ्या पोराला बरोबर ने, आपला बांध कुठला हेसुद्धा त्याला ठाऊक नाही,' अशी त्याने मित्राला विनंती केली.

या गोष्टीला आता दोन सुग्या झाल्या. मध्यंतरी आम्ही त्या शेतकऱ्यास विचारले, हेवा गेला काय? तो हसला. "ती मोटार दिसली की अजून टोचते, फादर. पण आता मी तिच्यात बसतो!"

हे उत्तर आम्हांला फार मोलाचे वाटते. दहावी आज्ञा शेजाऱ्याच्या धनाचा लोभ धरू नको म्हणून सांगते. तिचे मर्म आम्हांला असे वाटते की, शेजाऱ्याच्या वस्तूवर डोळा गेला म्हणजे शेजारी दिसेनासा होतो. वस्तू तर मिळत नाहीच, वर मित्रही जातो. असा हा दुहेरी तोट्याचा व्यवहार. धनिक बांधवांनीही लक्षात ठेवावे की, आपला उत्कर्ष मित्रापासून लपवण्याचे कारण नाही, पण त्याचे प्रदर्शन मांडण्याचेही नाही. केवळ देत राहू नये, मित्राकडून मागावे, घ्यावे आणि त्याचे ऋण मानावे. मागितल्याने श्रीमंती कमी होत नाही. मैत्री मात्र उभी राहते.

आणि ज्यांना टोचते, त्यांना आमचे एक सांगणे आहे. आज रात्री जपमाळ करताना एक मणी त्या मित्रासाठी राखून ठेवा. देवाने त्याला सुबुद्धी द्यावी, असे मागू नका; त्यात आपला हेवाच बोलतो. त्याचे घर भरलेले राहो, त्यात त्याला गाढ झोप लागो, एवढेच मागा. पहिल्या रात्री शब्द ओठांवर अडखळतील. अडखळू द्या, परंतु तो मणी चुकवू नका.