किंदमाचा प्रश्न

गणपतीचे विसर्जन झाले, घरातली सोवळ्याओवळ्याची धांदल ओसरली आणि पुढच्या रविवारी मासळी आणावयाचे ठरले. सुरतेच्या दक्षिण अंगाला असलेल्या बमरोलीत आमचे बिऱ्हाड आहे. आजूबाजूला मागांची अखंड खडखड. समुद्र जवळ असूनही त्याची गाज येथवर पोचत नाही. त्याच सुमारास आखातात नोकरीस असलेला आमचा पुतण्या रजेवर आला होता. पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली विहार करण्याची, ज्याला स्कूबा म्हणतात ती विद्या त्याने तिकडे हस्तगत केली आहे. जेवणापूर्वी तो आम्हांस छायाचित्रे दाखवू लागला. एका चित्रात रात्रीच्या काळोखात विजेरीच्या झोतात तो उभा होता, एका हातात भाल्याची बंदूक आणि दुसऱ्या हातात हातभर लांबीचा गोबरा.

मुले हरखून गेली. आमच्या मंडळींनी मात्र घरच्या बोलीत सरळ विचारले, ‘‘मागीर ताचें कितें केलें?’’

‘‘फोटो काढला, मग मित्रांनी नेला वाटून. मला कुठे एवढी मासळीची आवड!’’

त्या उत्तराने आमचे मन एकदम विटले आणि आम्ही त्याला चार कठोर शब्द सुनावले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मग स्वयंपाकघराकडे पाहत तो म्हणाला, ‘‘काका, तुमच्या ताटातले पापलेट काय आपणहून चालत आले? जाळे एका वेळी हजारांना मारते, नको असलेली पिल्ले मरून फेकली जातात. मी एकच मारला, तोही पारखून. मग पापी मी कसा?’’

आम्ही निरुत्तर झालो. जेवण झाले, पण त्या दिवशीचे पापलेट काही गोड लागले नाही.

त्याचा युक्तिवाद पोकळ नव्हता. भाला नको त्या जिवाला अडकवीत नाही आणि समुद्राचा तळही खरवडीत नाही; ओढजाळे ही दोन्ही कामे करते. लक्षद्वीपच्या प्रवाळांवर भाल्याने मासे मारून पोट भरणारी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. म्हणून भाला हा मुळातच अधर्म, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही.

तथापि पुढे वाचन करता आम्हांस असे आढळले की, पाण्याखाली उतरणाऱ्या मंडळींतच या प्रश्नावर मोठी दुही आहे. केवळ श्वास रोखून बुडी मारणारा भालेकरी हवेच्या नळकांड्यासह शिकार करणाऱ्यास कमी लेखतो. भालेकऱ्यांच्या सामन्यांत नळकांडे निषिद्ध असते आणि अनेक देशांच्या कायद्यानेही नळकांडे व भाला यांची सांगड वर्ज्य ठरविली आहे. कारण उघड आहे. श्वास रोखणाऱ्याला छाती मर्यादा घालते. क्षणा-दोन क्षणांत नेम साधला नाही तर त्याला वर यावेच लागते आणि माशाला खोल पाण्याचा आसरा उरतो. 1943 साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी पाण्याखालच्या श्वसनाचे यंत्र सिद्ध केले आणि माणसासाठी एक नवे जग उघडले. पण त्याच यंत्राने माशाचा तो आसराही काढून घेतला. त्यात रात्रीची शिकार म्हणजे निद्रिस्तावर प्रहार. पोपटमाशाच्या काही जाती तर झोपताना अंगाभोवती चिकट द्रवाची मच्छरदाणी विणतात. विजेरी आणि भाला यांपुढे तिचा काय पाड?

आणि ‘पारखून मारला’ या शब्दांतच खरी मेख आहे. गोबऱ्याच्या कुळातील पुष्कळ जाती जन्मतः मादी असतात आणि वाढत्या वयात त्यांतील काही नर होतात. म्हणजे जो सर्वांत मोठा, फोटोत शोभणारा, तोच बहुधा कळपातला दुर्मिळ नर. भालेकरी नेमका तोच वेचतो. महाकाय गोबऱ्याला तर आपल्या शासनाने 2001 साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घालून वाघाच्या पंक्तीस बसविले.

या विचारात असताना आम्हांस आदिपर्वातील पांडूची कथा आठवली. किंदम ऋषी मृगरूपाने पत्नीसह रममाण असता पांडूने बाण सोडले. पांडूनेही आपली बाजू मांडली होती : राजे मृगया करतातच, अगस्त्यांनीही केली आहे. यावर किंदमाचे उत्तर मोठे मार्मिक आहे. मृग मारलास याबद्दल मी तुला दोष देत नाही, पण ही वेळ टळेपर्यंत तू थांबावयास हवे होतेस, असा त्याच्या बोलण्याचा आशय. शाप मिळाला तो वधाबद्दल नव्हे, तर न थांबण्याबद्दल. विणीच्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यास ओढून नारळी पौर्णिमेची वाट पाहणारा आपला कोळी बांधव किंदमाचे हेच म्हणणे निमूटपणे पाळीत आला आहे.

दुसरी कथा आपल्या समाजाच्या अगदी जिव्हाळ्याची. बारा वर्षांच्या अवर्षणात इतर ऋषी अन्नासाठी वणवण भटकले. सारस्वत मुनी मात्र सरस्वतीच्या तीरी राहिले. मातेने रोज दिलेल्या माशांवर देह जगवून त्यांनी वेद राखले, आणि पुढे साठ हजार मुनींना ते पढविले. शल्यपर्वातील ही कथा आपण मासळी खाण्याचे समर्थन म्हणून मोठ्या हौसेने सांगतो. पण तीत मासा भुकेपुरता आहे आणि तो आईने दिलेला आहे, हे सोयीस्करपणे विसरतो. आमची आजी मासळीवालीच्या पाटीसमोर बसली की म्हणे, ‘‘जाय तितलेंच घे.’’ आजीने शल्यपर्व वाचले नव्हते.

भाला टाकून देता येतो, याचा दाखला आमच्या गुजरातेतच आहे. वेरावळच्या किनाऱ्यावर एके काळी देवमाशाएवढ्या अजस्र, परंतु निरुपद्रवी व्हेल शार्कची आकड्या-भाल्यांनी शिकार होई. त्याच्या यकृताचे तेल होड्यांना फासीत. 2001 साली कायद्याने बंदी आली. पण नुसत्या कायद्याने मन पालटत नाही. 2004 साली मोरारीबापूंनी त्या माशाला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, म्हटले आणि बाळंतपणाला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा दिली. तेव्हापासून तेथील मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हाली सोडून दिल्या आहेत. वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कोणी मारीत नाही. कोणत्याही माशाला नाते जोडले की हात आपोआप आवरतो.

परंतु लेखणी येथेच थांबविली तर पुतण्यावर अन्याय होईल. आमच्या या बमरोलीच्या आसपासच्या खाड्यांत रंगाचे पाणी आम्ही वर्षानुवर्षे पाहिले आहे. येथील सांडपाणी शुद्ध करून पांडेसऱ्याच्या कारखान्यांना पुरविण्याचा महानगरपालिकेचा प्रकल्प 2014 साली सुरू झाला, ही समाधानाची गोष्ट. तरी आमच्या घरातल्या रंगीत साड्यांनी किती मासे मारले असतील, याचा हिशेब कोणत्याच छायाचित्रात येत नाही. त्या मुलाच्या हाती भाला दिसला इतकेच. आमचे हात रिकामे होते, पण स्वच्छ होते असे नव्हे.

चार महिन्यांपूर्वी त्याचे पत्र आले. आता तो भाला घेतो तेव्हा नळकांडे घेत नाही, रात्री उतरत नाही आणि घरी शिजेल तेवढेच आणतो. दोनदा रिकाम्या हाती परतला, असे त्याने थोड्या अभिमानानेच कळविले आहे. शेवटी एक ओळ होती : ‘‘काका, तुमच्या बाजूचे काय?’’

महाराष्ट्र शासनाने 2023 साली 54 जातींच्या मासळीसाठी किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये असा नियम केला. आम्ही गुजरातेत राहतो, तो नियम आम्हांस लागू नाही. तरीही त्या पत्रानंतर तळहाताहून लहान पापलेट घरात आणावयाचे नाही असे आम्ही ठरविले आहे. बाजारातली ओळखीची मासळीवाली हसते. स्वस्त आणि कोवळे सोडून महागाचे का घेता, म्हणून विचारते. गेल्या रविवारी मोठे मिळाले नाही, तेव्हा आम्ही वालाची उसळ खाल्ली. किंदमाला देण्यासारखे एवढेच उत्तर तूर्त आमच्यापाशी आहे.