तेल वाढून राहिलं

भरवेलीची आहे असं सांगितलं की हॉस्टेलमधल्या मैत्रिणी पहिल्यांदा विचारतात, "हे कुठे आलं गं?" बालाघाट जिल्हा, मध्य प्रदेश. बालाघाट शहरापासून पाचेक किलोमीटरवर. गावाची ओळख एकच, मॅंगनीजची खाण. आशियातली सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाण म्हणून तिचं नाव घेतलं जातं. आधी ती इंग्रजांच्या कंपनीकडे होती, मग १९६२ साली आजची 'मॉयल' उभी राहिली. मॉयलचं मुख्यालय नागपूरला. त्यामुळे आमचं राज्य मध्य प्रदेश असलं तरी कान नागपूरकडे असतात. घरात मराठी, बाजारात हिंदी, आणि भांडताना जे तोंडात येईल ते.

पोलाद करताना मॅंगनीज लागतंच. लोखंडातल्या गंधकाला ते धरून ठेवतं, नाहीतर तापवून लाटताना पोलाद तडकतं. म्हणून खाणीतली माणसं रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीकडे थोडं हक्काने बघतात. आपल्या मातीतलं चिमूटभर तरी हिच्यात असेल, असं त्यांना वाटतं. माझे बाबा खाणीत फिटर. तीस वर्षं यंत्रांसोबत काढलेला माणूस. घरचा मिक्सर, शेजाऱ्यांची मोटर, मंदिराचा भोंगा, सगळं त्यांच्याकडेच दुरुस्तीला येतं. अशा माणसाच्या घरी २०२१ च्या दसऱ्याला नवी कोरी डिझेल सेडान आली. किंमत साधारण बारा लाख. काही पैसे फंडातून काढले, बाकीचं बँकेचं कर्ज, सात वर्षांचे हप्ते. चाकाखाली लिंबं ठेवली, समोर लिंबू-मिरची बांधली, आजीने ओवाळलं.

गाडी खरं तर आईसाठी होती. ती बालाघाटच्या शाळेत शिकवते. पंधरा वर्षं ऑटोने, नंतर स्कूटीने, उन्हापावसात गेली. पन्नाशीच्या आसपास तिने गाडी शिकली. कॉलनीत बायकांनी स्कूटी चालवणं जुनं झालंय, पण इतकी लांब गाडी स्वतः चालवत शाळेत जाणारी ती पहिलीच. रोज पाच किलोमीटर जाणं, पाच किलोमीटर येणं. मधे फाटक, बाजार, गुरं. तिसऱ्या गिअरच्या वर क्वचितच.

१४ जानेवारी २०२२ ला मीटरवर एक पिवळा दिवा लागला. गाडी १,२६० किलोमीटर चालली होती.

मला तारीख पाठ नाही, ती बाबांच्या वहीत आहे. खाणीत माणसं खाली नेणारी केज, तिचा रोप, वाइंडिंग इंजिन यांची रोज तपासणी होते आणि तपासलेलं बांधीव वहीत लिहावं लागतं. तीस वर्षांची ती सवय. गाडी घेतल्या दिवशीच त्यांनी दोनशे पानी वही घातली. तारीख, किलोमीटर, काय झालं, काय केलं. चार रकाने. त्यात 'बहुतेक' नाही, 'वाटतं' नाही. वाङ्मय मंडळात आपण शैलीवर इतकं बोलतो, पण इतकं नेमकं गद्य मी फार कमी वाचलंय.

कंपनीचं वर्कशॉप मोठ्या शहरात, चार-पाच तासांच्या वाटेवर. सुट्टी टाकून बाबा गाडी घेऊन निघाले. अर्धा रस्ता गेला आणि दिवा विझला. वर्कशॉपमधला सल्लागार म्हणाला, "लाइट कहाँ है सर?" तापाने फणफणलेलं पोर डॉक्टरसमोर खेळायला लागतं ना, तसंच. गाडी धुऊन परत दिली. मार्चच्या शेवटी २,३१० किलोमीटरवर पुन्हा तोच दिवा, पुन्हा तोच रस्ता, पुन्हा अर्ध्या वाटेत विझलेला. या वेळी सल्लागाराने विचारलं, "गाड़ी मैडम चलाती हैं क्या?" आई बाजूलाच उभी होती. त्याने तिच्याकडे न बघता बाबांना समजावलं की लेडीज लोक क्लचवर पाय ठेवून चालवतात, गिअर उशिरा बदलतात, त्यामुळे असं होतं. जॉब कार्डावर लिहिलं : 'कोई खराबी नहीं. चलाने का तरीका.'

दुसऱ्या दिवशी आईने किल्ली खुंटीला लावली आणि स्कूटी काढली. कुणाला काही बोलली नाही. आमच्या घरात खरं बिघडलं ते तेव्हा. बारा लाखांचा लोखंडी ऐवज दारात उभा होता, हप्ते जात होते, आणि जिच्यासाठी आणला ती ओढणी तोंडाला बांधून मे महिन्याच्या उन्हात स्कूटीवर.

गाडी उभी राहून खराब होऊ नये म्हणून बाबाच ती बालाघाटला फिरवून आणू लागले. मेच्या एका सकाळी ते बॉनेट उघडून बराच वेळ उभे होते. मी सुट्टीत घरी होते. मला हाक मारली, "बेटा, हे पाह्य. तेल वाढून राहिलं."

डिपस्टिकवर दोन खुणा असतात. इंजिन ऑइल या दोन्हींच्या मधे असायला हवं. महिन्याभरापूर्वी ते मधोमध होतं. आता वरच्या खुणेच्याही वर. बाबा म्हणाले, "तेल कमी होते, जळते, गळते. वाढते कसं? कोणी भरलं का?" कोणीच भरलं नव्हतं. त्यांनी थेंब बोटांवर चोळला, वास घेतला आणि वहीत लिहिलं : 'ऑइल पातळ. डिझेलचा वास.'

तिथून पुढचा शोध आम्ही दोघांनी घेतला. मी मोबाइलवर वाचायचे, ते यंत्राच्या भाषेत सांगायचे. भारताने १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराचे नियम लागू केले. बीएस-५ ही पायरी गाळून थेट चारवरून सहावर उडी. आधी डिझेल कारला प्रत्येक किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम काजळीकण सोडायची मुभा होती, ती ४.५ वर आली. हवेच्या दृष्टीने उत्तम गोष्ट. त्यासाठी धुराच्या नळीत एक गाळणी बसवली, तिला डीपीएफ म्हणतात. मधाच्या पोळ्यासारखी, चिनी मातीच्या जातीची. इंजिनची काजळी तिच्यात अडकते. पोळं भरत आलं की काजळी जाळून टाकावी लागते आणि त्याला सुमारे सहाशे अंश सेल्सिअसची उष्णता लागते. हायवेवर गाडी वीसेक मिनिटं एका वेगात पळाली तर हे काम आपोआप होतं. गाडीचा संगणक इंजिनमध्ये थोडं जास्तीचं डिझेल सोडतो, धूर तापतो, काजळी जळते.

आता भरवेली-बालाघाट रस्ता आठवा. पाच किलोमीटर. गाळणी तापायला लागते तोवर शाळेचं फाटक येतं, इंजिन बंद. जाळण्याचं काम अर्धवट. दुपारी परत तेच. प्रत्येक अर्धवट प्रयत्नात सोडलेलं जास्तीचं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून तेल वाढत होतं. पातळ तेलाने इंजिनचे भाग झिजतात. आणि वर्कशॉपच्या लांब वाटेवर दिवा का विझायचा तेही कळलं. वाटेतच गाळणी साफ व्हायची.

आईचा पाय क्लचवर होता की नव्हता याचा यात काही संबंधच नव्हता. एखादा रॅलीचा ड्रायव्हर जरी रोज आमच्या कॉलनीतून आमच्या शाळेपर्यंत गेला असता, तरी तो दिवा लागलाच असता.

बाबांनी मग इतर मालक शोधले. वारासिवनीचे एक ठेकेदार, हीच गाडी, हेच वर्ष. दर दोन दिवसांनी नागपूरची चक्कर. "एक नंबर गाडी," ते म्हणाले, "दिवा कोणता तेच माहीत नाही." बालाघाटचे एक औषधवाले, गाडी घर ते दुकान. त्यांचा दिवा चारदा लागलेला. त्यांनाही 'चालवायची पद्धत' ऐकवलेली. दोघांच्या नोंदी बाबांनी आपल्या वहीत शेजारी शेजारी लिहिल्या. यंत्र एक, वाट वेगळी. एवढ्या एका पानात निदान झालं होतं.

पण ते वर्कशॉपला पटवेपर्यंत जुलै उजाडला. एका पावसाळी रात्री आजीला दम लागला. गोंदियाच्या दवाखान्यात न्यायचं होतं. पन्नासेक किलोमीटर. गाळणी ठराविक मर्यादेपलीकडे भरली की संगणक इंजिनची ताकदच कापतो, मग हायवेवरसुद्धा ती आपोआप साफ होत नाही. नेमकं त्या रात्री ते झालं. गाडी चाळीसच्या वर जाईना. मागून ट्रक हॉर्न मारत होते आणि आजी मागच्या सीटवर आईच्या खांद्याला टेकून श्वास मोजत होती. पोचलो. आजी चार दिवसांनी घरी आली. वहीत त्या रात्रीची नोंद एका ओळीची आहे : 'गाडी ओढत नाही. सोबत आई.'

मग बाबांनी लेखी तक्रार केली. वहीची पानं स्कॅन करून मी जोडली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ वाचला. त्यात विकणाऱ्याने महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हीसुद्धा सेवेतली 'त्रुटी' मानली आहे. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि बारा लाखांच्या गाडीसाठी फी चारशे रुपये. मात्र अख्खी गाडी बदलून मिळणं अवघड. मारुती उद्योग विरुद्ध सुशील कुमार गबगोत्रा या २००६ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं होतं की क्लचमध्ये दोष असेल तर तो भाग बदलून द्यावा, त्यासाठी पूर्ण गाडी बदलण्याचा आदेश बसत नाही. अमेरिकेत वारंवार बिघडणाऱ्या नव्या गाडीसाठी वेगळे कायदे आहेत, पहिला १९८२ साली कनेक्टिकटमध्ये झाला. त्यांना 'लेमन लॉ' म्हणतात. बिघडकी गाडी म्हणजे लेमन, लिंबू. हे सांगितल्यावर आजी म्हणाली, "मंग आपण तं पहिल्याच दिवशी बांधलं होतं."

कंपन्या चूक मान्य करतच नाहीत असंही नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुती सुझुकीने सियाझसह आपल्या काही मॉडेलच्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या मोटर जनरेटर युनिट तपासायला स्वतःहून परत बोलावल्या होत्या. भाग सदोष असला की तो सांगणं तुलनेने सोपं असावं. आमच्या गाडीत एकही भाग सदोष नव्हता. गाळणी गाळणीचं काम करत होती, संगणक संगणकाचं. दोष होता तो न बोलण्यात. शोरूममध्ये कर्जाचा हप्ता, रंग, सीट कव्हर, विमा, सगळं विचारलं गेलं. 'रोज किती किलोमीटर चालवणार?' एवढा एक प्रश्न कोणी विचारला नाही. विकणाऱ्याला त्याचं उत्तर काय येईल आणि त्याचा अर्थ काय होईल हे माहीत असतं. घेणाऱ्याला असा प्रश्न असतो हेच माहीत नसतं. गाळणीबद्दलचा मजकूर माहितीपुस्तिकेत होता, मागे कुठेतरी, इंग्रजीत. पण पुस्तिका गाडीसोबत मिळते, म्हणजे पैसे दिल्यानंतर.

दीड महिन्याने कंपनीने गाडी बोलावली. वर्कशॉपच्या मशीनवर गाळणी साफ केली, तेल बदललं, संगणकाचं प्रोग्रॅमिंग नवं केलं. सगळं फुकट. पत्रात मात्र लिहिलं की उत्पादनात दोष आढळला नाही. बाबा म्हणाले, "दोष नाही म्हणतात. मंग तेल फुकट काऊन बदललं?" आयोगापर्यंत आम्ही गेलो नाही. बाबांना नुकसानभरपाईपेक्षा एक वाक्य हवं होतं आणि त्यासाठी ते अडून बसले. नव्या जॉब कार्डावर त्यांनी ते लिहून घेतलं : 'कारण : कम दूरी का उपयोग. चालक की गलती नहीं.' त्याची झेरॉक्स त्यांनी आईच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली आणि शाळेच्या पर्समध्ये ठेवली. अजून तिथेच आहे.

आता दर दहा दिवसांनी गाडी लांब न्यावी लागते. पाचशेच्या घरात डिझेल जातं, त्याचा हिशेब वेगळा ठेवलाय. रविवारी सकाळी आई गोंदियाच्या रस्त्याला लागते, आजी पुढे बसते. गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये एका लयीत पळते. आईला हे इतकं आवडायला लागलंय की दिवा लागायची वाट ती बघत नाही.

दरम्यान तशा किमतीच्या डिझेल सेडान बाजारातून जवळजवळ दिसेनाशा झाल्यात. पण डीपीएफ दुसऱ्या डिझेल गाड्यांमध्ये आहेच, आणि कॉलनीत कोणी गाडी घ्यायची म्हटली की संध्याकाळी आमच्या ओसरीवर येतं. बाबा चहा सांगतात आणि रंग, मायलेज, किंमत यांतलं काहीच न विचारता पहिला प्रश्न टाकतात, "रोजचं किती चालणं आहे, भाऊ?"