बारमाही त्सोम

अदिस अबाबाला उतरले तेव्हा पर्समध्ये पासपोर्टशेजारी अ‍ॅड्रेनलिनची दोन इंजेक्शनं होती. मला गव्हाची अ‍ॅलर्जी आहे, घसा आवळणारी. तरीही इथिओपिया निवडला तो जेवणासाठीच. इथली रोजची इंजेरा तेफची, आणि खसखशीएवढ्या बारीक अशा या धान्यात ग्लुटेन नसतं. पीठ दोन-तीन दिवस आंबवून 'मिताद' या मोठ्या तव्यावर ती एकाच बाजूने भाजतात. वरून आंबोळीसारखी जाळी पडते.

पहिल्याच खानावळीत माझा भ्रम फिटला. तेफ महाग, म्हणून पुष्कळ ठिकाणी पिठात गहू, बार्ली नाहीतर ज्वारी मिसळतात. रंगावरून ओळखावं, तर तेफ मुळात पांढरंही असतं आणि तपकिरीही. ड्रायव्हरने अम्हारिक शब्द शिकवला : गहू म्हणजे 'सिंदे'. शिंदे आडनावाच्या मैत्रिणीमुळे तो लगेच पाठ झाला.

शुक्रवार होता. इथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवार-शुक्रवारी 'त्सोम' पाळतात. म्हणजे उपवास : मांस, दूध, लोणी, अंडी वर्ज्य. एरवी मसुराच्या 'मिसिर वॉत' या रश्श्यामध्येही 'नितेर किब्बे' हे मसालेदार तूप असू शकतं आणि दोरो वॉतमध्ये कोंबडीबरोबर उकडलेली अंडी असतातच. त्यामुळे दूध-अंडी न चालणाऱ्यांना त्सोमचं 'बेयायनेतू' ताट मोठा आधार. तुपाच्या जागी आलेलं तेल कशाचं, हे मात्र तीळ-शेंगदाणे न चालणाऱ्यांनी विचारावं. इथलं जुनं तेल नूगचं. नूग म्हणजे आपले कारळे. त्यांचं मूळ गाव हेच!

मालकीणबाईंना "सिंदे नको" म्हटलं. त्या हसून म्हणाल्या, "थोडासाच आहे." शेवटी मी ड्रायव्हरला म्हटलं, "त्यांना सांगा, गव्हाचा मला बारा महिने त्सोम आहे. कणभरही चालत नाही."

बाई गंभीर झाल्या. मागेच त्यांचं घर होतं. तिथून निव्वळ तेफची, घरच्या मितादवरची इंजेरा आणली आणि माझं ताट वेगळं मांडलं. त्यावर लालभडक मिसिर, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो, परतलेली पालेभाजी.

इथे मायेने दुसऱ्याला घास भरवतात. त्याला 'गुर्शा' म्हणतात. नाही म्हणणं वाईट दिसतं. बाई जवळ आल्या तशी मी घाबरले, कारण त्यांचे हात सकाळपासून त्या मिसळीच्या इंजेरात होते. पण त्या आधी मोरीकडे वळल्या, साबणाने हात धुतले आणि माझ्याच ताटातला घास करून भरवला.

नंतर कॉफीबरोबर 'कोलो' आला : भाजलेली बार्ली आणि शेंगदाणे. बार्लीही मला वर्ज्य. मी वाटी सरकवायच्या आत बाईंनी ती उचलून नेली.

तुम्ही जाल तेव्हा औषध जवळ ठेवा आणि न चालणाऱ्या पदार्थाचं अम्हारिक नाव लिहून न्या. त्सोमच्या ताटात गहू नसेलच, असं समजू नका. आणि समोरच्याला अ‍ॅलर्जी कळली नाही, तर उपवास सांगून पाहा.