संगणकाची नाडीपरीक्षा

विठ्ठलवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत एक जुना संगणक आहे. मुलांचा अभ्यास बुडू नये म्हणून त्याला इंटरनेट मुद्दामच जोडलेले नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका मी त्यावरच टाईप करते. पण त्याचे खरे मोल निराळे. सासूबाई गेल्या, त्याआधी त्यांच्या आवाजातल्या जात्यावरच्या ओव्या मी त्यात साठवल्या होत्या. आणखी कुठे ठेवाव्यात, हे काही मला सुचले नाही!

गेल्या पावसाळ्यात निळा पडदा दाखवून तो मध्येच बंद पडू लागला. दुरुस्तीवाला उघडूनही न बघता म्हणाला, "मदरबोर्ड गेला, नवीनच घ्या." हे म्हणाले, "अगं, देऊन टाक भंगारात." माझा जीव मात्र ओव्यांत अडकलेला.

रविवारी कल्याणहून भाचा आला. "मामी, इंटरनेट नसलं तरी तपासता येतं," म्हणत त्याने पेनड्राइव्ह लावला. त्यात 'मेमटेस्ट ८६' ही चाचणी होती. ख्रिस ब्रेडी यांनी ती १९९४ साली लिहिली. विंडोज सुरू न करताच ती चालते. मेमरीच्या कप्प्याकप्प्यांत आकडे भरायचे आणि ते तसेच परत मिळतात का, ते पाहायचे. हार्ड डिस्कला ती हातही लावत नाही.

माझा कुकर होईतो पडद्यावर लाल ओळी! मेमरीच्या पट्ट्या दोन. मी म्हटले, "आधी ओव्या तर काढून घेऊ." तो म्हणाला, "थांब मामी, बिघडलेल्या मेमरीतून नक्कल केली, तर नक्कलही बिघडेल."

मग प्लग काढला. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला. पट्ट्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसली आणि एकाच खाचेत एकेकीची परीक्षा घेतली. एक रात्रभर चालूनही निर्दोष, दुसरी पुन्हा लाल. म्हणजे बिचाऱ्या मदरबोर्डवर उगाचच आळ!

चांगल्या पट्टीवर संगणक सुरू करून ओव्या दोन ठिकाणी उतरवल्या. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवते, तीही पाहिली. ठीक होती.

मैत्रिणींनो, वर्गातल्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी त्याचे नेमके कुठे अडते, ते आपण बघतोच ना? यंत्राचेही तसेच. आणि जपायचे ते एकाच ठिकाणी ठेवू नका.

संध्याकाळी ओव्या लावल्या. भंगारात द्या म्हणणारे हे, हातातला चहा निवला तरी ऐकत बसले होते.